सलंगीवरची पोती

आमच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत एक मोठा फोटो लावलेला आहे. त्यात तलाव घाटाच्या पायरीपर्यंत भरलेला दिसतो, पायरीवर पाहुणे वाकून पाण्यात फुलं सोडताहेत आणि मागे आमचं अर्धं गाव दात काढून उभं आहे. दाखला आणायला जा, कर भरायला जा, तो फोटो समोर येतोच आणि माझं डोकं फिरतं. येणारेजाणारे म्हणतात, फोटो सुंदर आला. आलाच आहे, नाही कोण म्हणतं? फक्त त्या तलावातलं वरचं हातभर पाणी माझ्या माहेरचं होतं, हे फोटोत दिसत नाही.

माझं सासर आणि माहेर एकाच नाल्यावर आहे. सासर वर, जंगलाला लागून. माहेर खाली, सकाळी न्याहारी करून निघालं तर उन्हं तापायच्या आत पायी पोचता येईल एवढ्या अंतरावर. दिघोरीकडच्या आमच्या या पट्ट्यात तलाव असेच एकाखाली एक बांधलेले आहेत. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, एका टोकाला दगडांनी बांधलेला सखल भाग असतो, त्याला आम्ही सलंग म्हणतो. तलाव भरला की जास्तीचं पाणी सलंगीवरून नाल्यात उतरतं आणि नाला ते खालच्या गावाच्या तलावात नेऊन सोडतो. जंगल पाणी धरून ठेवतं, हळूहळू आम्हाला देतं, आम्ही खाली देतो. आमच्या गावातले लोक त्याला 'उरलेलं पाणी' म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा हा शब्द मला फार टोचला होता, कारण माहेरी त्याला उरलेलं कोणी म्हणत नव्हतं. तिथे तलाव भरायचा तो त्याच पाण्यानं.

सलंग वाहायला लागली की खालच्या गावाला सांगावा धाडायचा, अशी जुनी पद्धत आहे. सांगावा नेण्याचा मान ढिवर मोहल्ल्यातल्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतल्या, एका घराचा. त्या घरातले थोरले मला नात्यानं भाऊजी लागतात. म्हणजे रक्ताचं नातं नाही, गावाचं आहे. ते जाळं खुंटीला अडकवायचे, नाल्याच्या काठानं चालत खाली जायचे आणि माझ्या माहेरच्या पाळीवर उभे राहून म्हणायचे, "पानी धाडलं जी." मग खालचं गाव कामाला लागायचं. नाल्याच्या तोंडातला कचरा काढ, पाळीला कुठे खेकड्यानं भोक पाडलं असेल तर ते बुजव, रोवणीच्या बाया ठरव. भाऊजींना जेवल्याशिवाय कोणी परत पाठवत नसे, आणि बहुतेक वेळा ते जेवण आमच्याच घरी व्हायचं. येताना आई त्यांच्याजवळ माझ्यासाठी लाखोळीची डाळ नाहीतर तसलंच काही फडक्यात बांधून द्यायची. मोबाईल येऊन किती वर्षं झाली, पण सांगावा पायीच जायचा. फोनवर सांगितलं तर जेवण बुडेल, असं भाऊजी म्हणायचे.

त्या वर्षी तलावाचं सौंदर्यीकरण झालं. हा शब्द आमच्या गावात आला तेव्हा आम्ही सगळेच हरखून गेलो होतो. पाळीवर रंगीत फरशा बसल्या, बाकडी आली, दिव्याचे खांब आले, गावाच्या नावाची माणसाएवढी अक्षरं आली. आणि एक घाट बांधला गेला. घाट कोणी आखला मला माहीत नाही. ज्यानं आखला त्यानं एकदाही पावसाळ्यात येऊन पाणी कुठवर चढतं ते पाहिलं नसणार, एवढं मी छातीठोकपणे सांगते. कारण तलाव पूर्ण भरून सलंगीला पाणी टेकलं तरी घाटाची शेवटची पायरी कोरडीच राहायची, आणि तिच्याखाली नुसता चिखल.

पाऊस हल्ली आमच्याशी नीट वागत नाही. त्या वर्षीही मृग कोरडाच गेला. मग एकदम असा कोसळला की जंगलातून सगळे ओढे एकदम खाली आले, आमचा तलाव सलंगीपर्यंत भरला आणि पाऊस जो गेला तो गेला. ऊन पडलं, उन्हाळ्यासारखं. जंगलातून झिरपून येणारी धार मात्र चालू होती. म्हणजे त्या वर्षी खालच्या गावाला जे काही मिळणार होतं ते सलंगीवरूनच.

नेमकं तेव्हाच ठरलं की घाटाचं उद्घाटन आणि जलपूजन एकत्र करायचं. मोठे पाहुणे येणार होते. आणि कोणाच्या तरी लक्षात आलं की पाहुण्यांनी पायरीवरून हात खाली केला तर तो पाण्याला लागत नाही. पाहुण्यांना चिखलात कसं उतरवणार? पंचायतीत बैठक बसली. घाट चुकला, असं एकाही माणसानं म्हटलं नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं की तलाव चुकला. मग सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ती सलंगीवर रचायची, म्हणजे पाणी हातभर चढेल आणि पायरीला लागेल, असा तोडगा निघाला. पोती भरणाऱ्यांत माझा नवराही होता.

मी त्याला घरी विचारलं, "खाली पानी कसं जाईन मंग?"

"चार दिवसाचं तर काम आहे. पाहुने आले का काढून टाकू."

"पाहुने कवा येतीन?"

"तारीख भेटली का येतीन न. तू काहून एवढी तापून राहिली?"

माझा नवरा वाईट माणूस नाही. गावातलं कोणीच त्या अर्थानं वाईट नाही, आणि मला खरा राग त्याचाच येतो. वाईट माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. इथे प्रत्येकाचं थोडं थोडं भलं होत होतं. शेतकऱ्यांना वाटलं, बरं झालं, कार्तिकात धानाला एक पाणी जास्त मिळेल. ढिवर मोहल्ल्याला वाटलं, बरं झालं, नुकतंच सोडलेलं मासोळीचं बीज सलंगीवरून वाहून जाणार नाही. पंचायतीला फोटो हवा होता. बायांना संध्याकाळी पाण्याकाठी बसायला बाकडी मिळाली होती. खालचं गाव त्या बैठकीला नव्हतं. त्याला बोलवायचं कोणाला सुचलं नाही. त्याचं पाणी अडवायला मात्र सुचलं.

तारीख मिळेना. एकदा ठरली, मंडप पडला, मंडप निघाला. पाहुण्यांना दुसरीकडे जावं लागलं म्हणे. पुन्हा ठरली, पुन्हा गेली. पोती आपली सलंगीवर बसून.

माझ्या भावाचा फोन आला. आमच्याकडे भाऊ थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. तो म्हणाला, "बाई, तुमची सलंग अजून वायली नाही का? वरतं तं तलाव भरला म्हन्तात."

मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "पऱ्हे म्हातारे होऊन राहिले बाई."

ज्यांनी धान लावला नाही त्यांच्यासाठी सांगते. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, दाट पेरतात आणि मग उपटून सगळ्या शेतात रोवतात. पण रोवायला बांधीत पाणी साचलेलं लागतं, आणि पऱ्हे काही पाण्यासाठी थांबून राहत नाहीत. वेळ टळली की त्यांना जागच्या जागी कांड्या धरतात. मग रोवली तरी त्यांना फुटवे येत नाहीत, लोंब्या बारक्या येतात. एक पाणी उशिरा मिळालं तर वर्षाचं जेवण अर्धं होतं, एवढा सरळ हिशेब आहे. माझ्या माहेरी विकायला धान नसतो. जो होतो तो खायला होतो.

मी माहेरी जाऊन पाहून आले. तलावाच्या मध्यावर डबकं होतं आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. माझी आई घरच्या हापशीवरून गुंड भरभरून पऱ्ह्यांवर शिंपत होती. पऱ्हे शेंड्याला पिवळे पडले होते. मला पाहून तिनं गुंड खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "तुमच्या गावाले का झालं वं?" तिनं रागानं नाही विचारलं. रागानं विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्याच दिवशी मला कळलं की भाऊजी तिथे येऊन गेले होते. पाणी नसताना. माझ्या भावानं सांगितलं की ते पाळीवर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "औंदा सांगावा घेऊन नाही आलो जी. पोते मांडले आमच्या गावानं. फुकट वाट पाहू नका." आणि खालच्या गावानं, माझ्या आईनं, त्यांना नेहमीसारखं जेवू घातलं.  मी घरी आल्यावर भाऊजींना विचारलं, तुम्ही गावाच्या बैठकीत का नाही बोललात? ते जाळं दुरुस्त करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आमचे पोट्टेच म्हने, मासोळी राहून राहिली तं राहू द्या. मी कोन्त्या तोंडानं बोलू?"

मग मी भंडाऱ्याला गेले. लाखनीला गाडी बदलून, वैनगंगेचा पूल ओलांडून, स्टँडवरून ऑटो करून. नदी पुलाखालून दोन्ही काठ भरून चालली होती आणि माझ्या आईचे पऱ्हे वाळत होते. मला वाटलं होतं, सरकार म्हणजे एक कोणीतरी असेल आणि त्याला मी सांगेन की एक माणूस पाठवा आणि ती पोती काढा. एवढंच तर काम होतं. तिथे मला कळलं की आमचा एकच तलाव सरकारनं किती जणांना वाटून दिलेला आहे. पाणी एका खात्याचं. मासोळी दुसऱ्या खात्याची. पाळीवरची झाडं तिसऱ्याची. ज्या जंगलातून पाणी येतं ते आणखी कोणाचं. पाण्याच्या खात्यातले साहेब बोलायला चांगले होते, त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "ताई, तलाव आमचा आहे, पण सौंदर्यीकरण आमच्याकडे येत नाही. पोती त्या कामात मांडलीत ना?" सौंदर्यीकरणाच्या टेबलावर कळलं की काम पूर्ण होऊन ग्रामपंचायतीच्या ताब्यात गेलं आहे. मी विचारलं, आणि खालच्या गावचं पाणी कोणाच्या ताब्यात आहे? टेबलामागच्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले. म्हणाला, "दोन गावांतला वाद आहे हा. आपसात मिटवा."

वाद कसला? खालच्या गावानं तर अजून एक शब्द उच्चारला नव्हता. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात त्या टेबलाशी भांडत होते. पाणी वरून खाली जातं, ही गोष्ट माझ्या घरातल्या शाळकरी पोरीला माहीत आहे. ज्यांचा पगारच पाण्यावर निघतो त्यांच्या टेबलावर ते पाणी गावाच्या शिवेवर येऊन थांबलं होतं. आणि मी तरी त्यांना कुठल्या तोंडानं बोलणार होते? पोती मांडणारे साहेब नव्हते. माझ्याच घरचे होते.

आमच्या गावात माझ्या माहेरच्या बऱ्याच लेकी आहेत. एकाच नाल्यावरची गावं, सोयरीक व्हायचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भांडी घासून, पोरं शाळेत धाडून सलंगीवर गेलो. कोणी कोणाला भाषण दिलं नाही. पदर खोचले आणि पोती ओढायला लागलो. ओल्या मातीची पोती जड असतात, दोघी-तिघींना मिळून एक हलत होतं. काही पोती निघाली तशी फटीतून धार सुटली आणि नाल्यातल्या तापलेल्या गोट्यांवरून खाली धावली. माझ्या शेजारची एकजण, जिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, ती धारेकडे बघत रडायला लागली.

दुपारी पंचायतीनं माणसं पाठवून पोती पुन्हा मांडली. गावाच्या निर्णयात बायांनी हात घालायचा नाही, असं ठरलं. मी पाळीवर उभी राहून पाहत होते. पोती मांडणाऱ्यांत माझा नवरा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी खाली ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "माह्या मायनं तुमाले कवा उपाशी धाडलं होतं का?" त्यानं हातातलं पोतं नीट बसवलं, वर आणखी एक ठेवलं.

मग एकदाची तारीख मिळाली. पाहुणे आले. पाणी पायरीला लागलेलं होतं. त्यांनी वाकून फुलं सोडली, मासोळीचं बीज सोडलं, एक रोप लावलं आणि माईकवर बोलले की माणूस, समाज, सरकार आणि ही धरती एकमेकांच्या आधारानं जगतात, एकानं हात काढून घेतला तर बाकीचे कोसळतात. फार चांगलं बोलले. मला एक शब्दही खोडून काढता येणार नाही. त्यांच्या पाठीमागे, त्यांना दिसणार नाही अशा टोकाला, सलंगीवर पोती होती, आणि त्यांच्यावर मंडपवाल्यानं हिरवा कपडा टाकला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी आले नव्हते.

कार्यक्रम संपला, जेवणं झाली, गाड्या गेल्या. पोती तशीच राहिली. चार दिवसांनी काढू म्हणणाऱ्यांपैकी एकालाही त्यांची आठवण राहिली नाही. दुसऱ्या दिवशी आम्हीच बाया पुन्हा गेलो आणि सगळी पोती काढून टाकली. या वेळी कोणी अडवलं नाही. कोणाला आता त्यांची गरज नव्हती. पाणी निघालं तशी भाऊजींनी टोपी घातली आणि कोणी सांगायची वाट न बघता नाल्याच्या काठानं चालू लागले.

पाणी पोचलं. माझ्या भावानं रोवणी केली. कांड्या धरलेले पऱ्हे रोवले, दुसरे कुठून आणणार? शेत दुरून हिरवं दिसायचं. जवळ गेलं की बुडाला बोटावर मोजण्याइतके फुटवे.

दर वर्षी धान निघाला की आई माझ्याकडे नवे तांदूळ पाठवते. लेकीच्या घरी नव्याची खीर माहेरच्या तांदळाची व्हायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. त्या वर्षी मी निरोप पाठवला होता की यंदा राहू दे. तरीही पिशवी आली, भाऊजींच्याच हाती, नेहमीच्या फडक्यात बांधलेली, नेहमीएवढीच. मी तांदूळ सुपात घेतले. नव्या तांदळाला जो वास असतो तो नव्हता. पाखडताना मला एक दाणा दिसला, मग दुसरा. रेशनच्या तांदळात पोषणासाठी म्हणून मिसळलेले असतात ना, थोडे पिवळसर, बाकीच्यांहून वेगळेच दिसणारे, ज्यांना आमच्या बाया प्लास्टिकचे म्हणतात, ते दाणे.

तेवढेच होते, दोन-तीन. बाकीचे आईनं निवडून काढले होते. आता तिला नीट दिसत नाही. ती ओसरीत उन्हाला बसली असेल, सूप डोळ्यांशी धरून एकेक दाणा वेचत असेल, लेकीला कळू नये म्हणून. तोच तांदूळ माझ्या घरीही सरकारी दुकानातून येतो. मी कधी निवडत नाही.

नवरा शेतातून आला, हातपाय धुतले आणि विचारलं, "नवे तांदूर आले वाटते. कसे आहेत?"

मी सूप त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं वाकून पाहिलं. एक दाणा उचलला, बोटावर फिरवला आणि परत सुपात ठेवला. 

खीर मी केली. पोरीनं खाल्ली, मी खाल्ली. त्याच्या ताटातली वाटी तशीच राहिली.